क्लचचं दीड मिलिमीटर

[दृश्य: जालना, नव्या मोंढ्याबाहेरचा रस्ता. मोसंबीच्या क्रेट बांधलेली मोटरसायकल गर्दीत अडकलेली. कॅमेरा चालकाच्या डाव्या हातावर.]

मागं मोसंबी, पुढं ट्रॅक्टर. क्लचचा लिव्हर अर्धा दाबलेला. गाडी धड सुटत नाही, धड थांबत नाही. या बोटांमुळे आत काय होतं, ते बघायला इंजिनाचं उजवं कव्हर काढावं लागतं.

[दृश्य: गॅरेज. ऑइल तसराळ्यात उतरतंय. कव्हर निघतं.]

हा क्लच ऑइलमध्ये बुडालेलाच चालतो. बाहेरचं हाउसिंग इंजिनाबरोबर फिरतं, आतलं सेंटर गिअरबॉक्सबरोबर. मध्ये प्लेटांची चळत: ५ फ्रिक्शन प्लेटा, त्यांच्यामध्ये ४ स्टीलच्या. फ्रिक्शन प्लेटांचे कान हाउसिंगच्या खाचांत बसतात, स्टील प्लेटांचे दाते सेंटरवर. ४ स्प्रिंगा ही चळत आवळून धरतात, म्हणून सगळं एकजीव फिरतं.

[दृश्य: अगदी जवळून. लिव्हर दाबला जातो, खाली आर्म फिरतो. हळू गतीत पुन्हा.]

आता नीट बघा. लिव्हर दाबला की आतली वायर ओढली जाते आणि इंजिनावरचा आर्म थोडासा वळतो. आर्मचा दांडा कव्हरच्या आत जातो. तिथं त्याची एक बाजू चपटी कापलेली आहे. दांडा वळला की त्या कापाची कड पिनला आत ढकलते. पिन स्वतः फिरत नाही, समोरची लिफ्टर प्लेट मात्र सेंटरबरोबर फिरते. म्हणून दोघांमध्ये हे छोटं बेअरिंग. लिफ्टर प्लेट आत सरकते, स्प्रिंगा दबतात, चळत दाबून धरणारी मागची प्रेशर प्लेट चळतीपासून सुटते.

किती सुटते? साधारण दीड मिलिमीटर. ५ फ्रिक्शन प्लेटांचे १० पृष्ठभाग धरले, तर एकेकाच्या वाट्याला ०.१५ मिलिमीटर. एवढ्याशा फटीवर सगळं अवलंबून आहे, म्हणूनच वायरची सेटिंग नजरअंदाजानं करू नये.

[दृश्य: लिव्हरच्या टोकाशी पट्टी धरलेली.]

लिव्हरच्या टोकाशी १० ते १५ मिलिमीटर मोकळी चाल हवी, म्हणजे वायर ओढली जाण्याआधीची ढिलाई. चाल जास्त झाली, तर प्लेटा पूर्ण सुटत नाहीत. गिअर खडखडत पडतो, न्यूट्रल सापडत नाही. चाल उरलीच नाही, तर पिन बेअरिंगवर कायम टेकून राहते, स्प्रिंगांचा जोर कमी पडतो आणि प्लेटा घसरून जळतात. इंजिन ओरडतं, गाडी पळत नाही.

आणि एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. वायर वापरानं लांबली की चाल वाढते, पण प्लेटा झिजल्या की ती कमी होते. कोणी हात न लावता लिव्हरची चाल कमी झाली, तर चळत पातळ होत चाललीय असं समजावं. अशा वेळी पुन्हा पुन्हा वायर सैल करून भागत नाही. उलट, नुसत्या सेटिंगच्या चुकीपायी चांगल्या प्लेटा काढून फेकणं हे गिऱ्हाइकाच्या खिशाचं उघड नुकसान आहे. आधी पट्टी लावा, मग कव्हर उघडा.

[दृश्य: निपलजवळ तुटलेल्या तारा. वरून ऑइलचे थेंब.]

वायर तुटते ती बहुधा निपलजवळच, म्हणजे टोकाच्या धातूच्या गोळीपाशी. एखादी तार उसवलेली दिसली, तरी बदलावी. वायर कोरडी पडली असेल, तर ऑइल वरून सोडावं, खालून निथळेपर्यंत.

[दृश्य: नव्या प्लेटा ऑइलमध्ये बुडवलेल्या.]

नव्या प्लेटा आधी इंजिन ऑइलमध्ये भिजवतात. डब्यावर जासो एमए, म्हणजे ऑइलमधल्या क्लचला चालणाऱ्या ऑइलचा दर्जा, लिहिलेलं बघून घ्यावं. घर्षण कमी करणारी द्रव्यं मिसळलेलं कारचं ऑइल इथं क्लच घसरवतं. स्प्रिंगांचे चारही बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळायचे, नाहीतर प्लेट तिरकी बसते. गास्केट नवं.

[दृश्य: दोन पाने. खालचा लॉकनट आवळला जातो.]

वायरची मोठी सेटिंग खाली आर्मपाशी, बारीक सेटिंग लिव्हरपाशी. शेवटी सेटिंग जागेवर धरणारा लॉकनट.

[दृश्य: गाडी मधल्या स्टँडवर, इंजिन गरम, पहिला गिअर. मागचं चाक फिरतंय. लिव्हर दाबला जातो, बुटाचा तळ टायरला हलकेच टेकतो.]

चाक थांबलं. इंजिन चालूच आहे.