थांबा, ताई लिहितायत

(दृश्य : डोळ्याचा क्लोजअप, काळापांढरा. बाहुलीशेजारी दोन पांढरे ठिपके.)

हा ताईंचा डोळा. आमच्या कॅमेऱ्यातला शॉट नाहीये हा, त्यांच्या स्क्रीनखाली जी काळी पट्टी लावलीय तिला त्यांचा डोळा जसा दिसतो तसाच उचललाय, म्हणून रंग नाहीत. बाहुलीला लागून दोन ठिपके चमकतायत बघा. पट्टीत इन्फ्रारेड एलईडी आहेत, साधारण ८५० नॅनोमीटरचा प्रकाश, आपल्याला जवळजवळ दिसतच नाही, फार तर अंधारात बारीक लालसर भास होतो, त्याची ही चमक. हे ठिपके लक्षात ठेवा, पुढचं सगळं यांच्या जिवावर चाललंय.

ताईंना एएलएस आहे, स्नायू हलवणाऱ्या नसा हळूहळू निकामी करणारा आजार. आधी हात गेले, मग आवाज. डोळे हलवणारे स्नायू मात्र या आजारात बहुतेकांचे खूप उशिरापर्यंत शाबूत राहतात. म्हणून ताई नजरेने लिहितात, स्क्रीनवरच्या कीबोर्डकडे बघून, आणि मशीन ते बोलून दाखवतं.

(दृश्य : गोटी, बोटांत फिरतेय. वर ट्यूबलाईटची चमक.)

आता ही गोटी बघा. जागच्या जागी कितीही फिरवली तरी तिच्यावरची चमक फिरत नाही, आतलं रंगीत पान तेवढं फिरतं. डोळ्याचं तेच. कॉर्निया, म्हणजे डोळ्याची पुढची पारदर्शक काच, गोल आणि चकचकीत, त्यामुळे डोळा वळला की बाहुली सरकते पण ठिपका जवळपास आहे तिथेच राहतो. मग पट्टीतला कॅमेरा एवढंच मोजत बसतो की बाहुलीचा मध्य ठिपक्यापासून किती सरकला आणि कुठल्या बाजूला, सेकंदाला कित्येक वेळा, आणि त्यावरून गणित करून सांगतो की नजर स्क्रीनवर इथे आहे. आम्हाला वाटलं होतं की आत काहीतरी फार गूढ असेल, तर निघाली गोटी.

फक्त एक गोची आहे. आपल्याला ज्या जागेने बारीक दिसतं, डोळ्याच्या आतल्या पडद्यावरचा तो छोटासा खड्डा, तो डोळ्याच्या अगदी सरळ मागे नसतो, साधारण ५ अंश बाजूला असतो आणि तो कोण किती बाजूला हे प्रत्येकाचं वेगळं. म्हणजे कॅमेऱ्याला डोळा कुठे वळलाय ते कळलं तरी माणूस नक्की कुठे बघतोय ते लगेच कळत नाही. ते त्याला शिकवावं लागतं.

(दृश्य : सकाळ. मुलगी स्टँडचा स्क्रू सैल करून स्क्रीन खाली घेतेय. स्क्रीनवर चौकोन, त्यात दोन गोल.)

हे शिकवणं म्हणजे कॅलिब्रेशन. हा भाग आम्ही सगळ्यात जास्त शूट केला आणि एडिटिंग करताना कापायला सांगितलं तेव्हा मी भांडलो, कारण लोकांना वाटतं मशीन आणलं, लावलं, चालू झालं. नाही. आधी स्क्रीन चेहऱ्यापासून साठेक सेंटिमीटरवर आणायची, उशी किती वर, मान किती कलली, ते बघायचं. चौकोनातले ते दोन गोल म्हणजे ताईंचे दोन डोळे, मशीनला सापडले की गोल दिसतात, जवळ-लांब झालं की रंग बदलतात. मुलगी ताईंकडे बघतच नाही त्या वेळी, ती गोलांकडे बघते. उशी जरा उचलली, डावा गोल गेला. परत ठेवली, आला. चष्मा पुसला. चष्म्यावर एलईडीची स्वतःची चमक येते आणि मशीनला खऱ्या ठिपक्याऐवजी तीच पकडावीशी वाटते, मग चष्मा नाकावर पाव सेंटिमीटर खाली.

"आई, ठिपका फुटेपर्यंत बघत राहा. पुढे पळू नकोस."

स्क्रीनवर नऊ ठिपके येतात एकामागून एक, ताईंनी प्रत्येकाकडे बघायचं. कोपऱ्यातल्यावर ताईंची नजर नेहमी आधीच पुढे निघते, पुढचा कुठे येणार हे त्यांना पाठ झालंय ना. मग तो एक परत. दिवसातून कधी दोनदा, कधी पाच वेळा, खुर्ची हलली की परत. या मुलीला यातलं काय काय येतं याचं सर्टिफिकेट कुठलंही कॉलेज देत नाही.

(दृश्य : ॲनिमेशन. जुना काळ. डोळ्यावर वाटीसारखं काहीतरी, त्याला दांडी.)

याचं फुटेज कुठून असणार, आमच्या ॲनिमेटरने काढून दिलंय. १८७९ च्या सुमारास पॅरिसमध्ये एमिल जावाल या नेत्रतज्ज्ञाच्या लॅबमध्ये लक्षात आलं की वाचताना डोळा ओळीवरून घसरत जात नाही, उड्या मारतो. उडी, थांबा, उडी, थांबा. मग ते नोंदवायचं कसं? एडमंड ह्यूई नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्लास्टर ऑफ पॅरिसची एक बारीक वाटी बनवली, मधे बाहुलीपुरतं भोक, कोकेनने डोळा बधिर करून ती चक्क बुबुळावर बसवली आणि तिला जोडलेली ॲल्युमिनियमची हलकी काडी काजळी धरलेल्या फिरत्या ड्रमवर रेघ ओढायची. वाचणारा वाचतोय आणि त्याचा डोळा रेघ ओढतोय. ॲनिमेशन बघतानाच माझ्या डोळ्यात पाणी आलं, दुःखाने नव्हे. १९०१ मध्ये डॉज आणि क्लाइन यांनी डोळ्याला हात न लावता फक्त कॉर्नियावरची उजेडाची चमक फोटोच्या प्लेटवर धरली. ताईंच्या स्क्रीनखालच्या पट्टीची ती खापरपणजी म्हणायची.

(दृश्य : ताईंची स्क्रीन. नजरेचा माग निळ्या टिंबांनी दाखवलाय.)

ही टिंबं ताई एक मेसेज वाचतायत त्याची आहेत. सेकंदाला तीन-चार उड्या, मधले थांबे २०० ते ३०० मिलिसेकंदांचे. उडी चालू असताना मेंदू दिसणं जवळजवळ बंदच करतो. खोटं वाटत असेल तर व्हिडिओ थांबवा आणि आरशासमोर जा, स्वतःच्या डाव्या डोळ्यात बघा, मग उजव्या, मग परत डाव्या. डोळे हलताना दिसणार नाहीत. शेजारी उभ्या असलेल्याला मात्र स्पष्ट दिसतील. मोबाईलच्या सेल्फी कॅमेऱ्यात कधी कधी दिसतात, कारण तो चित्र थोडं उशिरा दाखवतो.

तर असा हा उड्या मारणारा प्राणी, याला माउस करायचाय.

(दृश्य : कीबोर्ड स्क्रीनभर. एका बटणावर गोल भरत जातोय.)

आणि इथेच सगळं अडतं. हात टेबलावर नुसता ठेवला तर काही होत नाही, पण डोळा उघडा आहे म्हणजे तो कुठेतरी बघणारच. जिथे बघाल तिथे क्लिक झालं तर? भस्मासुर ना तो. त्याने निदान हात ठेवायचं ठरवायला लागायचं, इथे नुसती नजर गेली की काम तमाम, फाइल उघडली, कॉल लागला, अर्धा मेसेज गेला. इंग्रजीत याला मिडास राजाचं नाव आहे, हात लावेल त्याचं सोनं व्हायचं तो गोष्टीतला राजा, अमेरिकन नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत काम करणाऱ्या रॉबर्ट जेकब यांनी १९९० मध्येच हा घोळ नीट मांडून ठेवलाय. त्यावरचा साधा उपाय म्हणजे हा भरणारा गोल. बटणावर ठरावीक वेळ बघत राहिलात तरच दाबलं असं समजायचं. ताईंनी ६०० मिलिसेकंद ठेवलंय, म्हणजे आपण सहज कुठे टेकतो त्याच्या दुप्पट किंवा थोडं जास्त. त्याहून कमी केलं की नको ती अक्षरं पडतात, जास्त केलं की टक लावून लावून डोळे जळजळतात, कारण टक लावताना माणूस पापणी मिटवायचं विसरतो. सुरुवातीला त्यांचं पूर्ण एक सेकंदावर होतं. सहाशेवर यायला किती आठवडे लागले ते ताई सांगणार होत्या, त्या दिवशी आमची बॅटरी संपली.

बटणं एवढी ढबोळी का असा प्रश्न बघणारे सगळे विचारतात. चांगलं मशीन अर्धा ते एक अंश चुकतं, आणि ६० सेंटिमीटरवर एक अंश म्हणजे जवळपास एक सेंटिमीटर. यात मशीनचा एकट्याचा दोष नाही. हात लांब करून अंगठ्याच्या नखाकडे बघा, साधारण तेवढ्याच भागात आपल्याला लख्ख दिसतं, त्या नखाच्या आत नजर कुठेही टेकली तरी आपलं काम भागतं, त्यामुळे डोळा स्वतःच तितका नेमका थांबत नाही. आणि ज्या माणसाने जाहिरात बंद करायची फुली मुंगीएवढी करायची पद्धत पाडली, त्याला ताईंच्या खुर्चीत एक दुपार बसवायची माझी फार इच्छा आहे.

(दृश्य : ताई लिहितायत. ‘प्रश्न’ हा शब्द तयार होताना.)

मराठी लिहिताना अजून एक भानगड. ‘प्रश्न’ दिसायला दोन अक्षरं. दाबायला प, पाय मोडायची खूण, र, श, परत पाय मोड, न. सहा. सहा वेळा शोधायचं, सहा वेळा गोल भरायचा. वरच्या ओळीत शब्द सुचवतात, तिथून उचलला तर वाचतं, पण सुचवलेलं वाचायलाही तेच डोळे न्यायचे वर, आणि वर नेले की बोटं बटणांवरून उचलल्यासारखं होतं. केंब्रिजमध्ये डेव्हिड वॉर्ड आणि डेव्हिड मॅके यांनी डॅशर म्हणून एक वेगळीच गंमत केली होती, २००२ मध्ये त्यावर लेख आला, त्यात बटणंच नाहीत, अक्षरं उजवीकडून अंगावर येतात आणि आपण बघत बघत त्यांच्यात शिरायचं, पुढे येण्याची शक्यता जास्त तो चौकोन मोठा. हे आम्ही स्क्रीनवर घेतलंय, दिसतं फार सुंदर. ताईंनी करून बघितलं आणि त्यांना गरगरलं.

(दृश्य : आमचे दोन हॅलोजन लाईट लागतात. कर्सर स्क्रीनभर उडतो.)

हा दिवस आमच्या मूर्खपणाचा. खोलीत उजेड कमी वाटला म्हणून दोन हॅलोजन लावले. हॅलोजन म्हणजे इन्फ्रारेडचा धबधबा, ते बिचारे दोन ठिपके त्यात वाहून गेले. मुलगी आतल्या खोलीत होती. ताई लिहायला लागल्या. ‘ल’ पडलं. मग भलतंच. पुसलं. परत ‘ल’. आम्ही तिघं त्यांच्या मागे उभं राहून स्क्रीन वाचतोय आणि अंदाज लावतोय, लायब्ररी? लांब? मी तर म्हटलं, लाईट छान आहे म्हणतायत.

चार मिनिटं.

(आवाज, मशीनचा : "लाईट बंद करा.")

(दृश्य : अंधारलेली खोली. काही सेकंद निवेदन नाही.)

तर मागे उभं राहून वाचणं. आम्ही केलं, येणारे सगळे करतात. अर्धं वाक्य झालं की कोणीतरी पूर्ण करतं, हो हो कळलं म्हणतं, आणि ताईंना लिहिलेलं पुसून नाही, तसं नाही, हे लिहायला बसावं लागतं. मुलीने स्क्रीनच्या मागच्या बाजूला कागद चिकटवलाय, त्यावर लिहिलंय ‘थांबा, ताई लिहितायत’. समोर उभं राहा, मागे नाही. वाक्य बोलून होऊ द्या. पाहुण्यांना ते पहिली दोन मिनिटं जमतं.

दुसरी गोष्ट आम्हाला फुटेज बघताना कळली, शूट करताना कळली नव्हती. ताई बोलत असतात तेव्हा त्या कोणाकडेच बघत नाहीत. बघूच शकत नाहीत, नजर बटणांवर लागते. आपण बोलता बोलता समोरच्याचा चेहरा वाचतो, हसला का, कंटाळला का, इथे ज्या डोळ्यांनी चेहरा बघायचा तेच डोळे तोंडाच्या कामाला लावलेत. बोलून झालं की मग त्या वर बघतात, आणि तोवर समोरचा मोबाईलमध्ये गेलेला असतो. असे आमच्याकडे सात शॉट निघाले.

(दृश्य : सलग सात शॉट, फक्त खोलीतला आवाज.)

हे तंत्र आता सगळीकडे येतंय. विंडोजमध्ये २०१७ पासून नजरेने चालवायची सोय आहे, स्टीव्ह ग्लीसन या एएलएस झालेल्या अमेरिकन फुटबॉल खेळाडूमुळे मायक्रोसॉफ्टच्या लोकांनी त्यावर काम सुरू केलं. २०२४ मध्ये ॲपलने आयफोनच्या नुसत्या पुढच्या कॅमेऱ्यावर ते आणलं, त्याच वर्षी आलेल्या त्यांच्या हेडसेटमध्ये नजरेने निवडायचं आणि चिमूट करून दाबायचं, भस्मासुराचा प्रश्न दोन बोटांत सुटला, ज्यांना बोटं हलवता येतात त्यांचा. सगळ्यांना हे चालतंच असंही नाही, स्टीफन हॉकिंग यांच्या पापण्या खाली उतरायच्या म्हणून मशीनला त्यांचा डोळा धरता आला नाही, ते गालाचा स्नायू हलवूनच मशीन चालवत राहिले. डोळे कोरडे पडतात, संध्याकाळी चुका वाढतात, आणि नजर कुठे किती रेंगाळली ही माहिती कोणाकडे जाते हाही मोठा विषय आहे, तो परत कधीतरी.

(दृश्य : संध्याकाळ. कीबोर्डच्या कोपऱ्यात ‘विश्रांती’चं बटण.)

शेवटच्या दिवशी आम्ही ताईंना विचारलं, शेवटी काय दाखवू? त्यांनी लिहायला सुरुवात केली. आम्ही या वेळी समोर बसलो होतो. आम्हाला त्यांचा चेहरा दिसत होता आणि चष्म्यात उलटा कीबोर्ड. दोन मिनिटं, अडीच. मशीन म्हणालं, "मुलीला विचारा, मी दमले."

मग त्यांनी कोपऱ्यातल्या बटणावर नजर ठेवली, गोल भरला, कीबोर्ड गेला. स्क्रीनवर तो चौकोन उरला, त्यात दोन गोल. मुलगी दारातून आत आली, खुर्चीच्या बाजूला. ताईंनी तिच्याकडे बघितलं.

(दृश्य : स्क्रीनचा क्लोजअप. चौकोन रिकामा. खाली अक्षरं : डोळे सापडत नाहीत.)