मगरीसारखं पडून राहा

(बडोदा. काळाघोडा पुलावरून विश्वामित्री नदी. काठावर चिखल, चिखलावर मगर.)

हा फोटो नाहीये, व्हिडिओच चालू आहे. आम्ही पुलावर कॅमेरा लावून पाऊण तास उभे होतो आणि तेवढ्या वेळात या बाई एकदाही जागच्या हलल्या नाहीत. कमाटीबागेत आलेली माणसं थांबायची, विचारायची काय शूट करताय, आम्ही म्हणायचो योगासनं, आणि ती हसून पुढे जायची.

पण खरंच योगासनंच शूट करत होतो.

(कट. दांडियाबाजार. जुन्या वाड्याची ओसरी, लाकडी खांब, सतरंजीवर नऊ मुलं पालथी.)

हनुवटी तळहातांवर, कोपरं जमिनीवर, पाय सैल सोडलेले. हे मकरासन. दुसऱ्या गावात मुलांना आधी मगर पुस्तकातून दाखवावी लागते, इथे ती भानगड नाही, 2019 च्या आणि परत 2024 च्या पुरात विश्वामित्रीच्या मगरी पार रस्त्यावर, सोसायट्यांत आल्या होत्या, त्यामुळे बडोद्याच्या पोराला मगर किती वेळ न हलता पडून राहते हे कोणी सांगावं लागत नाही. योग शिकवणाऱ्या ताई एवढंच म्हणतात, "मगर ऊन खातीय. जो हलला तो मासा." आणि नऊच्या नऊ पोरं गप्प. चाळीस सेकंद. घड्याळ लावून मोजलंय, मध्ये कुठेही एडिट नाही.

लहान मुलांचा योग हा असा सुरू होतो. डोळे मिटा, पाठ ताठ करा, श्वासावर लक्ष द्या, हे सहा वर्षांच्या मुलाला सांगून बघा एकदा घरी. ते मूल एक डोळा उघडून तुमच्याकडेच बघत बसेल. त्याला नक्कल करायची असते. मांजर हो म्हटलं की पाठ वर जाते, ते मार्जारासन. नाग हो म्हटलं की छाती उचलली जाते, ते भुजंगासन. झाड हो म्हटलं की एका पायावर उभं राहायचं आणि वारा सुटला म्हणून शेजारच्याला थोडं ढकलायचंही, ते ताईंना चालतं. नावं संस्कृतच सांगतात त्या, पण आसन होऊन गेल्यावर. आधी मगर, मग मकरासन.

(सिंहासन. क्लोजअप. जीभ बाहेर, डोळे मोठे.)

हा शॉट आम्हाला सगळ्यात आवडला म्हणून तो जरा लांबवलाय, माफ करा. वज्रासनात बसायचं, हात गुडघ्यांवर, तोंड मोठं उघडून जीभ पूर्ण बाहेर आणि श्वास सोडताना गर्जना. घरी मोठ्यांना जीभ दाखवली की धपाटा मिळतो, इथे जितकी लांब तितकं कौतुक. बघा, ही परकरातली मुलगी. पहिल्या दिवशी तोंडातून शब्द काढत नव्हती म्हणे.

मोजणी मराठीत चालते. एक, दोन, तीन... आणि चारनंतर मागच्या रांगेतून "पांच, छ, सात" ऐकू येतं, कारण निम्म्या पोरांची शाळेतली भाषा गुजराती आहे. "ताई, पग दुखे छे" असं पण येतं. ताई उत्तर मराठीतच देतात, "दुखतोय ना, मग सोड." दुखेपर्यंत ताणायचं नाही हा इथला पहिला नियम.

नियमांचं पण सांगतो, कारण आई-वडील तेच विचारतात. चार-पाच वर्षांच्या मुलाला दहा मिनिटं खूप झाली, सात-आठला वीस. जेवणानंतर दोन-तीन तास जाऊ द्यायचे, नाहीतर या चिरंजीवांसारखं होतं, शेवउसळ खाऊन आले आणि भुजंगासनात ढेकर देत बसले. पायात मोजे नकोत, सतरंजीवर घसरतात. शीर्षासन नाही, श्वास कोंडून धरणं नाही, मूल कितीही जमतंय म्हणालं तरी नाही. दमा असेल, फिट येत असतील, हाड मोडून बरं झालं असेल तर आधी डॉक्टर. आणि मुलाचं शरीर मुळातच लवचिक असतं, म्हणून त्याला धरून आणखी वाकवायचं नाही. तो मोह मोठ्यांनाच होतो. मोबाइल समोर धरला की जास्तच होतो. डिसेंबर 2020 मध्ये केंद्र सरकारने योगासनाला स्पर्धेचा खेळ म्हणून मान्यता दिली, मोठी मुलं मेहनतीने त्यात उतरतात, छान आहे, पण पाच वर्षांच्या पोराच्या गळ्यात मेडल बघायची घाई कोणाला असते ते आपल्याला माहीत आहे.

(डभोई. हिरा भागोळ, दगडी नक्षी. सकाळचं ऊन.)

आता थोडं मागे जाऊ, कारण ही गोष्ट बडोद्यात घडतेय त्याला कारण आहे. हे डभोई, बडोद्यापासून तीसेक किलोमीटर. या गावात 30 ऑगस्ट 1883 ला जगन्नाथ गणेश गुणे जन्मले. पुढे जग त्यांना स्वामी कुवलयानंद म्हणून ओळखायला लागलं. योग शिकायच्या आधी हे गृहस्थ तालमीतले, ही गोष्ट आपण विसरतो. 1907 ते 1910 ते बडोद्यात प्रोफेसर माणिकरावांकडे होते, जुम्मादादा व्यायाम मंदिरात. जुम्मादादांची तालीम, माणिकराव त्यांचे शिष्य, आणि सयाजीराव महाराजांचं राज्य, म्हणजे व्यायामाला मान होता, पैसा होता. एकेकट्याने करायचे देशी व्यायाम सगळ्यांनी मिळून, एका हुकमावर करायची पद्धत माणिकरावांनी रुजवली. आज ओसरीवर नऊ मुलं एका मोजणीवर उठतात-बसतात ना, त्याचं मूळ मला तिथे दिसतं. याच शहरात करंदीकर-मुजुमदारांनी मराठीत व्यायामाचा ज्ञानकोश काढला, दहा खंड! मल्लखांब, कुस्ती, आसनं, सगळं. एवढं कोणी कुठे केलंय?

(मालसर. नर्मदेचा घाट, नाव.)

हे मालसर. तालमीतून निघालेले गुणे 1919 मध्ये इथे परमहंस माधवदासजींना भेटले आणि योगाकडे वळले. नाव चालवणाऱ्या काकांनी शूटिंगसाठी दोन फेऱ्या फुकट मारल्या, त्यांना ही गोष्ट माहीत नव्हती, आम्ही सांगितली तर म्हणाले मग अजून एक फेरी मारतो.

आणि माझ्या दृष्टीने खरी गंमत यापुढे आहे. गुरूंनी सांगितलं म्हणून गुणे गप्प बसले नाहीत. 1920-21 च्या सुमारास त्यांनी बडोद्याच्याच दवाखान्यातल्या प्रयोगशाळेत आपल्या विद्यार्थ्यांवर तपासण्या केल्या, उड्डियान (पोट आत ओढून धरणं) आणि नौलि (पोटाचे स्नायू फिरवणं) करताना पोटात नेमकं काय होतं ते एक्स-रे लावून बघितलं. शंभर वर्षांपूर्वी! मग 1924 मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम ही योगसंस्था काढली. म्हणजे योगाला प्रश्न विचारायची सवय पण बडोद्याचीच आहे, आणि आज कोणी म्हणालं की अमुक आसनाने मुलाची उंची वाढते, तर विचारायचं, बघितलं कोणी?

(दांडियाबाजार. श्री अरविंद राहिले ते घर, बाहेरून. स्कूटरची गर्दी.)

गुणे बडोदा कॉलेजात शिकले, तिथे श्री अरविंदही शिकवायला होते, आणि ते राहायचे ते घर हे, आपल्या ओसरीच्याच भागात. 1908 च्या सुरुवातीला विष्णू भास्कर लेले नावाच्या मराठी योग्याबरोबर ते इथल्या सरदार मजुमदारांच्या वाड्यात तीन दिवस ध्यानाला बसले होते. तो भाग मोठ्यांचा, आपण परत मुलांकडे.

(ओसरी. संध्याकाळ. मुली पुढच्या रांगेत.)

जुन्या घरांत मुंज झाली की आठव्या वर्षी मुलाला संध्येबरोबर प्राणायाम शिकवायचे. मुलीला नाही. या नऊ जणांत सहा मुली आहेत.

फायदे विचारतात सगळे, तर तोल सुधारतो, अंग मोकळं होतं, घाबरणं थोडं कमी होतं, लक्ष थोडं टिकतं असं काही अभ्यासांत दिसलंय, पण ते अभ्यास छोटे आहेत, प्रत्येकाची पद्धत वेगळी, त्यामुळे मार्क वाढतील असं कोणी छातीठोक सांगत असेल तर त्याला फी देऊ नका. शाळेत योगाच्या तासाला काय होतं तेही दाखवायचं होतं, एका शाळेने परवानगी दिली नाही, राहिलं.

(आजी, खुर्चीत. हात वर.)

या एका मुलाच्या आजी. गुडघे खाली बसू देत नाहीत म्हणून खुर्चीतच ताडासनाचे हात करतात. ताईंची अट आहे, निदान पहिला महिना घरातलं एक मोठं माणूस सोबत पाहिजे आणि त्याने मोबाइलमध्ये तोंड घालून बसायचं नाही, करायचं. घरी पण हेच. सकाळी बाबा स्वतः पाच सूर्यनमस्कार घालत असतील तर पोरगं येऊन पोटाखालून जातं, पाठीवर चढतं, सहाव्या दिवशी शेजारी उभं राहतं. "जा, योगा कर" म्हणून आत पाठवलेलं मूल फक्त आत जातं.

(दार. चपलांचा ढीग. चौकटीला टेकलेला मुलगा.)

हा आम्ही होतो त्या चारही दिवशी इथेच उभा होता. कोणी आत ओढलं नाही. शूटिंगच्या वेळी आमचं पण लक्ष नव्हतं, एडिटिंगला बसलो तेव्हा दिसलं. मागे बघा, चौकटीच्या शेजारी. एका पायात चप्पल, दुसरा पाय उचललेला.

(भ्रामरी. कान झाकलेले, डोळे मिटलेले.)

शेवटी भ्रामरी. अंगठ्यांनी कान बंद, तोंड मिटून, श्वास सोडताना भुंग्यासारखा आवाज. पाचच वेळा. या ओसरीला लाकडी तक्तपोशी आहे, तिच्यामुळे आवाज घुमतो, माइक आम्ही मुद्दाम मधल्या खांबाला बांधला होता. हेडफोन असेल तर लावा.

आणि मग शवासन. आठ जण हलत, खाजवत, एकमेकांच्या पायाला पाय लावत पडलेत, आणि खांबाजवळची ही एक खरंच झोपलीय. तिचे बाबा न्यायला आलेत, दारात स्कूटर चालूच आहे, ताईंनी बोटाने खूण केली आणि त्यांनी ती बंद केली.

इथून पुढे दीड मिनिट निवेदन नाही.