उलटी करून बघा : स्वस्त इलेक्ट्रिक गिटारची पारख

(दृश्य : दुकानाची भिंत, ओळीनं टांगलेल्या इलेक्ट्रिक गिटारी. एक हात गिटार काढतो आणि उलटी करतो.)

नागपुरात बर्डीवर असो की सदरमध्ये, पहिली इलेक्ट्रिक गिटार घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाचा प्रश्न ठरलेला असतो : "भाऊ, ही चायनाची तर नाही ना?" दुकानदाराचं उत्तरही ठरलेलं : "नाही हो, इंडोनेशिया आहे." दोघंही समाधानी. गिटारबद्दल कामाची एकही गोष्ट मात्र अजून बोलून झालेली नसते.

हेडस्टॉकच्या, म्हणजे तारा पिळायच्या चाव्या असतात त्या टोकाच्या, मागचा नंबर बघा. स्क्वायर या फेंडर कंपनीच्या स्वस्त ब्रँडच्या गिटारवर 'आयसीएस' ही अक्षरं आणि पुढे 21 असेल, तर इंडोनेशिया, कोर्ट, स्क्वायर आणि साल 2021. कोर्ट म्हणजे कोर-टेक, 1973 साली सुरू झालेली दक्षिण कोरियातली कंपनी. सुराबायाजवळच्या तिच्या कारखान्यांतून तिच्या स्वतःच्या गिटारी निघतात, स्क्वायरच्या निघतात, आयबानेझच्या निघतात. पीआरएस या ब्रँडची एसई मालिका आधी कोरियात बनायची, तीही आता इंडोनेशियात कोर-टेककडेच बनते. पंधरा हजारांची गिटार आणि साठ हजारांची गिटार एकाच कंपनीच्या कारागिरांनी केलेली असू शकते. मग फरक कुठून येतो? ब्रँडनं कारखान्याला दिलेल्या ऑर्डरमधून. लाकूड कोणतं, ब्रिज (बॉडीवर तारा टेकतात तो भाग) कसला आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे फ्रेट, म्हणजे नेकवरच्या (गिटारच्या मानेवरच्या) आडव्या धातूच्या पट्ट्या, घासायला माणसाला किती वेळ द्यायचा, हे त्या कागदावर ठरतं. त्या कागदाचं दुकानातलं नाव म्हणजे सिरीज.

देशांची उतरंड आली कुठून, तेही सांगायला हवं. स्क्वायर हे नाव फेंडरकडे 1965 पासून होतं. त्या नावानं गिटारी निघाल्या 1982 साली, जपानमध्ये, फुजिजेनच्या कारखान्यात. त्या इतक्या नीट जमल्या की 'जपानी म्हणजे उत्तम' हे समीकरण पक्कं झालं. जपानमधली मजुरी वाढली तसं काम कोरियात गेलं, तिथून चीन आणि इंडोनेशियात. मधल्या काळात, 1980 च्या दशकाच्या शेवटी, स्क्वायर टू आणि सन मस्टँग या नावांच्या काही गिटारी भारतातही बनल्या होत्या. जुन्या बाजारात एखादी 'मेड इन इंडिया' स्ट्रॅटोकास्टर (फेंडरचं प्रसिद्ध मॉडेल) दिसली तर लगेच नकली समजू नका. देशाचा शिक्का त्या त्या काळातली मजुरी सांगतो. समोर टांगलेल्या नगाबद्दल त्यातून फार काही कळत नाही.

(दृश्य : टेबलावर शेजारी शेजारी तीन स्ट्रॅटोकास्टर. कॅमेरा कडेवरून सरकतो.)

स्क्वायरच्या पायऱ्या सरळ आहेत. खाली सॉनिक, जिनं 2023 मध्ये जुन्या बुलेटची जागा घेतली. तिच्या वर ॲफिनिटी, आणि त्याच्या वर क्लासिक वाइब. समोरून तिन्ही सारख्याच दिसतात. कडेनं बघा. सॉनिक आणि ॲफिनिटीची बॉडी पातळ आहे, क्लासिक वाइबची पूर्ण जाडीची, साधारण 45 मिलिमीटर. पातळ बॉडी खांद्याला हलकी, पण तिच्यात ट्रेमोलोचा (दांडीनं हलणाऱ्या ब्रिजचा) ब्लॉक, म्हणजे खालचा धातूचा ठोकळाही आखूडच बसतो. पुढे कोणी "स्टीलचा ब्लॉक टाकून घे" म्हणालं आणि नेहमीच्या मापाचा मागवला, तर तो मागून बाहेर डोकावतो आणि मागचं झाकण लागत नाही. ब्लॉकची खोली आणि स्क्रूंमधलं अंतर मोजल्याशिवाय ऑर्डर द्यायची नाही.

पिकअपचाही, म्हणजे तारांचा आवाज पकडणाऱ्या चुंबकी भागाचाही, फरक आहे. खालच्या दोन सिरीजमध्ये सिरॅमिक : पोलादी खिळे आणि त्यांच्या खाली चिकटवलेली चुंबकाची पट्टी. क्लासिक वाइबमध्ये अलनिको, म्हणजे प्रत्येक तारेखालचा खिळा स्वतःच चुंबक. सिरॅमिक वाईट असतं हा समज मात्र सोडा. डिस्टॉर्शन (रॉकचा फाटका आवाज) लावलं की फरक बराच पुसला जातो; क्लीन आवाजात, हलक्या हातानं वाजवताना तो कळतो. क्लासिक वाइबचे खरे पैसे नेकच्या फिनिशमध्ये, हाडाच्या नटमध्ये (नेकच्या टोकाला तारांच्या खाचा असलेली पट्टी) आणि फ्रेटच्या टोकांमध्ये आहेत. ही सिरीज आधी चीनमध्ये बनायची, 2019 पासून इंडोनेशियात बनते. जुन्या बाजारात 'चायनावाली क्लासिक वाइब' शोधणारे लोक आहेत, ही त्या काउंटरवरच्या प्रश्नाची गंमत.

फ्रेटबोर्ड, म्हणजे फ्रेट बसवलेली लाकडी पट्टी, 'इंडियन लॉरेल'ची असं माहितीपत्रकात लिहिलेलं दिसेल. हा आपला ऐन. पेंच आणि नागझिऱ्याच्या जंगलात उभा असतो तोच. 2017 च्या जानेवारीत शिसवीच्या सगळ्या जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर परवान्याची अट आली आणि स्वस्त गिटारींच्या कंपन्यांनी पर्याय शोधले. 2019 अखेर तयार वाद्यांना सूट मिळाली, तरी ऐन तिथेच राहिला. लाकूड टणक आहे, टिकतं. फक्त कोरडं पडलं की फिकट आणि रखरखीत दिसतं. वर्षातून दोनदा, तारा काढलेल्या असताना, लेमन ऑइलचे चार-पाच थेंब फडक्यावर घेऊन पुसलं की पुरे. मेपलच्या, वार्निश केलेल्या फ्रेटबोर्डला तेल लावायचं नाही.

यामाहाच्या पॅसिफिका मालिकेत हिशेब आणखी स्वच्छ आहे. 012, 112जे आणि 112व्ही, तिन्ही इंडोनेशियाच्या. देश एक, गिटारी तीन. 012 मध्ये काटकसर सगळीकडे. 112जे मध्ये आल्डरची बॉडी येते, पिकअप सिरॅमिकच. 112व्ही मध्ये आल्डर, अलनिको पिकअप, आणि टोनची खुंटी वर ओढली की ब्रिजजवळचा हंबकर (दोन गुंडाळ्यांचा पिकअप) सिंगल कॉइल (एका गुंडाळीचा) होतो. ऑर्केस्ट्रात एका रात्रीत लावणीपासून रॉकपर्यंत सगळं वाजवायचं असेल, तर या पैशात 112व्ही इतका सरळ सौदा दुसरा नाही. आयबानेझमध्ये 'जिओ' लिहिलेलं असेल तर ती खालची सिरीज, नुसतं आरजी असेल तर वरची. नेक दोन्हींचा पातळ आणि पळता. एपिफोनच्या लेस पॉलमध्ये एकच गोष्ट आधी बघा : नेक मागून स्क्रूनं बसवलेला आहे की चिकटवलेला. स्पेशल टू, स्पेशल व्हीई यांसारख्या स्वस्त मॉडेलांत स्क्रू, स्टँडर्डमध्ये चिकटवलेला. स्क्रूवाला दुरुस्तीला सोपा.

स्वस्तातल्या गिटारवर तारा दोन्ही टोकांना कुलूपबंद करणारा तरंगता ट्रेमोलो असेल, तर ती गिटार परत टांगा. ज्या धारेवर तो ब्रिज झुलतो ती मऊ धातूची असते. ती झिजली की ट्यूनिंग जाग्यावर येत नाही, आणि एक तार तुटली की बाकी पाच चढतात. पहिल्या गिटारला फिक्स ब्रिज बरा.

(दृश्य : जवळून. अंगठा नेकच्या कडेवरून खाली सरकतो.)

आता नग निवडायचा. एकाच सिरीजच्या दोन गिटारींमध्ये जितका फरक निघतो, तितका कधीकधी दोन सिरीजमध्येही नसतो. म्हणून शोकेसमधली एक बघून गोदामातली बंद खोक्यातली घेऊ नका. जी हातात घेतली, तीच बांधून मागा.

अँपला जोडण्याआधी नेकच्या दोन्ही कडांवरून अंगठा फिरवा. टोचलं तर फ्रेटची टोकं बाहेर आली आहेत. ब्रिजच्या बाजूनं डोळा लावून नेकवरून बघा. पीळ दिसला तर तिथेच थांबा, पीळ ट्रस रॉडनं (नेकच्या आतल्या लोखंडी सळईनं) निघत नाही. मग दोन्ही कडेच्या तारा फ्रेटबोर्डच्या काठापासून सारख्या अंतरावर आहेत का ते बघा. एक तार काठावरून घसरत असेल तर नेक खोबणीत तिरका बसलाय. चार स्क्रू अर्धा फेरा सैल करून, नेक हलकेच सरकवून, परत आवळले की बहुतेक वेळा सरळ होतो. खोबणीत मोठी फट असेल तर तो पुन्हा सरकणार.

त्यानंतर नट. तिसऱ्या फ्रेटवर तार दाबा आणि पहिल्या फ्रेटच्या वर किती फट राहते ते बघा. केसाएवढी हवी. स्वस्त गिटारीत ती भरपूर असते, कारण नटच्या खाचा कमी कापल्या तर कारखान्याचा धोका टळतो. जास्त कापली तर नट बदलावा लागतो. याचा त्रास वाजवणाऱ्याला : सुट्या तारा सूर दाखवणाऱ्या ट्यूनरवर बरोबर, पण ई किंवा जीची कॉर्ड धरली की बेसूर. शिकणारा मुलगा महिनोन् महिने स्वतःच्या बोटांना दोष देतो. खाचा उतरवायला प्रत्येक तारेच्या जाडीची कानस लागते. ते काम जाणत्याकडून करून घ्या.

शेवटी सहाही तारा पहिल्यापासून शेवटच्या फ्रेटपर्यंत एकेक वाजवा. एखादाच सूर मेला किंवा पुढच्या फ्रेटचाच आवाज आला, तर तो पुढचा फ्रेट उंच आहे. तीन फ्रेटवर टेकेल एवढी लोखंडी पट्टी ठेवून बघा. ती डुलली तर मधला उंच. मग अँप लावा. सगळ्या खुंट्या फिरवा, स्विच सगळ्या जागी टाका, आणि केबलची पिन जॅकमध्ये हलवून बघा. खरखर आली तर जॅकची चकती सैल आहे. ती नुसती आवळताना आतला जॅक फिरतो आणि वायरचा सोल्डरचा डाग तुटतो. झाकण उघडून, जॅक आतून धरून आवळायची. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी होत असेल तर अर्थिंगची वायर जागेवर आहे. सिंगल कॉइलची थोडी गुणगुण राहणारच.

(दृश्य : खिडकीत लावलेला कूलर, शेजारच्या भिंतीला टेकवलेली गिटार.)

नागपुरात या सगळ्यावर हवामानाचा हात असतो. मे अखेरच्या नवतपात पारा 45 च्या पुढे आणि दुपारची आर्द्रता 20 टक्क्यांच्या खाली. जुलै-ऑगस्टमध्ये सकाळची आर्द्रता 80 च्या वर. कोरड्या हवेत फ्रेटबोर्ड आक्रसतो, धातूचे फ्रेट आक्रसत नाहीत, आणि मार्चमध्ये गुळगुळीत असलेली कड मे महिन्यात टोचू लागते. म्हणून गिटार घ्यायला मे महिना चांगला : जे दोष निघायचे ते दुकानातच दिसतात. टोकं घासायची तर बारीक कानस 45 अंशात धरून आणि फ्रेटबोर्डला मास्किंग टेप लावूनच. खूप घासू नका, पावसाळ्यात लाकूड फुगून बरंचसं परत येतं. कूलरच्या झोतात गिटार ठेवली की तारा गंजतात आणि रात्री ओली, दिवसा कोरडी अशा हवेत नेक रोज हलतो. गिटार कव्हरमध्ये, कूलरच्या खोलीबाहेर ठेवावी.

ऋतू बदलला की सेटिंग तपासायचं. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, नेक बॉडीला मिळतो तिथल्या फ्रेटवर तार दाबा, आणि सातव्या-आठव्या फ्रेटवरची फट बघा : पाव मिलिमीटर. जास्त असेल तर ट्रस रॉड घड्याळाच्या दिशेनं, कमी असेल तर उलट. एका वेळी पाव फेरा, मग परत ट्यून करून मोजायचं. जोर लावावा लागला तर थांबा. त्यानंतर बाराव्या फ्रेटवर तारेची उंची : बारीक ई तार दीड मिलिमीटर, जाड ई तार दोनच्या आत. सगळ्यात शेवटी इंटोनेशन, म्हणजे वरच्या फ्रेटवरही सूर जुळवणं. बाराव्या फ्रेटवरचा दाबलेला सूर तिथेच तारेला नुसता स्पर्श करून वाजवलेल्या हार्मोनिकपेक्षा चढा असेल तर सॅडल (ब्रिजवरचा तारेचा टेकू) मागे, उतरता असेल तर पुढे. हा क्रम बदलला तर आधीचं मोजमाप वाया जातं.

बजेट तीस हजार असेल तर तिसाची गिटार घेऊ नका. सत्तावीसची घ्या आणि उरलेल्यात नट, फ्रेट आणि सेटिंग करून घ्या. वापरलेली वरची सिरीज मिळत असेल तर नव्या खालच्या सिरीजपेक्षा ती घ्या, फक्त पहिल्या तीन फ्रेटवर तारांनी पाडलेल्या खाचा किती खोल आहेत ते नखानं बघून. पुढे पैसे आले तर आधी हेडस्टॉकवरचे ट्यूनर (तारा पिळायच्या चाव्या) बदला, मग स्विच आणि पॉट (आवाज आणि टोनच्या खुंट्यांखालचे भाग) : सिंगल कॉइलला 250 के (किलोओम), हंबकरला 500 के. पिकअपचा नंबर त्यानंतर, तोही तीन ऋतू वाजवून झाल्यावर; तोवर कोणता आवाज कमी पडतोय ते तुम्हालाच सांगता येईल.