भंगारात कोण लपलंय?

श्रोतेहो, नमस्कार. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्या नागपुरात मारबत-बडग्या या पुतळ्यांची मिरवणूक निघते आणि त्याच दिवशी तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडी नंदी सजवून आणतात. बांबू, कापड, कागद यांतून काहीतरी उभं करणं आपल्याला नवं नाही. म्हणूनच मी चित्रकलेच्या वर्गात म्हटलं, "यंदा प्राणी करू, पण विकत काही आणायचं नाही," तेव्हा पोट्टे अजिबात घाबरले नाहीत. तीन दिवसांत वर्गाचं भंगाराचं दुकान झालं! सायकलच्या ट्यूबा, बाटल्यांची पत्र्याची बुचं, संत्र्याच्या पेटीच्या फळ्या. एकानं तर शेतातून पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीच्या काड्यांचा, भारा आणला.

पण सगळ्यांना वाघच पाहिजे. ताडोबा-पेंच जवळ, दुसरं काय होणार! कागदावर वाघ काढला आणि त्याच्या मापानं सामान कापायला बसले. मी कात्र्या काढून घेतल्या. चित्रकार पिकासोनं १९४२ मध्ये सायकलची सीट आणि हँडल, एवढ्या दोनच वस्तूंतून बैलाचं मुंडकं केलं. सीटमध्ये त्याला तोंड दिसलं, हँडलमध्ये शिंगं. म्हटलं, वस्तू हातात घ्या, उलटी धरा, आत कोण लपलंय ते बघा.

मग रंगत आली. खवल्या मांजराची खवलं कौलांसारखी एकावर एक असतात आणि धोका दिसला की ते अंगाचा गोळा करतं. मुलींनी बुचांना खिळ्यानं भोकं पाडली आणि ती चिरलेल्या ट्यूबवर तारेनं बांधली. ते खवल्या मांजर खरंच गुंडाळता येतं! पऱ्हाटीची सांबरशिंगं तर इतकी डौलदार झाली, की सांबर दोनदा तोंडावर आपटलं. मागच्या पायांपाशी रेतीची बाटली बांधली, तेव्हा कुठे उभं राहिलं. घरी करून बघणार असाल तर रबर-लोखंडाला कागदाचा गोंद लावत बसू नका. तार बांधा आणि टोकं आत वळवा.

एक पोरगा मात्र दोन दिवस नुसताच बसून होता. तिसऱ्या दिवशी त्यानं घरची बंद पडलेली इस्त्री आणली, टेबलावर ठेवली, वायर मागे सोडली. पुढे निमुळतं नाक, मागे लांब शेपूट. उंदीर! ना कापणं, ना जोडणं. तान्ह्या पोळ्यानंतर तीन-चार दिवसांनी गणपती येतात. हा उंदीर यंदा त्या पोराच्या घरी मोदकांच्या ताटापाशी बसणार आहे.