पदेराचा भोंपू आणि बाळाची दुपार
(गोव्यातल्या डिचोलीत आई-आज्यांसमोर एका बालरोगतज्ज्ञांनी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

नमस्कार. मागे दाराजवळ ज्या आई बाळाला खांद्यावर घेऊन उभ्या आहेत, त्यांनी खुशाल येरझाऱ्या घालाव्यात. बाळ रडलं तरी बाहेर जाऊ नका, तुमच्यासाठीच तर आपण जमलो आहोत.

पहिल्या तीन महिन्यांत बाळ झोपत नाही, हे सगळे धरूनच चालतात. आया खरोखर रडकुंडीला येऊन माझ्याकडे येतात त्या सातव्या-आठव्या महिन्यात. "रात्रीचे अकरा वाजतात, डॉक्टर, तरी डोळे टक्क उघडे." तेव्हा मी रात्रीविषयी विचारतच नाही. मी विचारते, संध्याकाळी कितीला उठलं होतं?

गेल्या वर्षीची गोष्ट. आठ महिन्यांचा मुलगा, घर रस्त्याला लागून. आईला म्हटलं, चार दिवस वहीत फक्त झोपल्याची आणि उठल्याची वेळ लिहा. चारही दिवस जवळपास सारखेच निघाले. दुपारची झोप तीनला लागायची आणि पावणेचारला मोडायची. रोज पावणेचारलाच का? तर पदेर! सायकलवरून भोंपू वाजवत, पाव विकत तो दारातून जायचा, बाळ दचकून उठायचं. अर्धवट झोपेचं ते पोर साडेपाचला पेंगायचं, सातपर्यंत झोपायचं, आणि मग अकरापर्यंत घर जागं.

आता यामागचं कारण समजून घ्या. आपण जागे असतो तेव्हा मेंदूत अडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं आणि झोपेची ओढ वाढते. झोपलं की ते उतरतं. बाळाची ही ओढ आपल्यापेक्षा फार लवकर भरते. सात-आठ महिन्यांचं बाळ साधारण अडीच ते तीन तास नीट जागं राहू शकतं, वर्षाचं साडेतीन-चार तास. साडेपाच ते सात झोपलेल्या बाळाची ओढ पार उतरलेली असते. आठला त्याला थोपटून काय उपयोग?

म्हणून आम्ही रात्रीला हातच लावला नाही, दुपार मागे ओढली. सकाळी साडेसहाला उठवायचं आणि सोप्यावर, म्हणजे ओसरीवर, उजेडात आणायचं, कारण शरीराचं घड्याळ उजेडावर लागतं. सव्वानऊला पहिली झोप, साडेदहाच्या आत उठवायचं. दुसरी दीडला. दीड ते सव्वातीन ही आपल्या गोव्यात सोन्यासारखी वेळ आहे. दुकानं बंद, रस्ता शांत, घरातली मोठी माणसंही आडवी झालेली. पदेर येईपर्यंत बाळाची झोप पुरी. संध्याकाळची तिसरी झोप बंद, आणि तिची सवय सुटेपर्यंत रात्री पावणेसातलाच अंथरुणात.

इथे त्या आईचे डोळे भरून आले. नवरा वेर्ण्याला नोकरीला, घरी यायला आठ वाजायचे. "मग बाबाला बाळ दिसायचं कधी?" हा प्रश्न खरा आहे, त्यावरून मी कोणालाही बोल लावणार नाही. त्या घराने सकाळ बाबाला दिली. उठवणं, अंग पुसणं, नाचणीचं तिझन, म्हणजे पातळ खीर, भरवणं, सगळं त्याच्याकडे. दहाव्या दिवशी मुलगा सातला झोपून रात्री एकदाच दुधाला उठला.

दुपारी जागं ठेवलं की रात्री गाढ झोपेल, असं घरोघरी सांगतात. माझ्या मुलीच्या वेळी मीही ते केलं. डॉक्टर असून केलं. ती संध्याकाळभर किंचाळली आणि रात्री तासातासाला उठली. फार थकलेलं शरीर स्वतःला जागं ठेवण्यासाठी झटतं, त्यात झोप उथळ होते. डोळे चोळायला लागलं म्हणजे जरा उशीरच झाला समजा. त्याआधी बाळ खेळण्यावरून नजर काढतं, कुठेतरी शून्यात बघतं. ती वेळ पकडा.

एकूण झोप किती हवी? जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये दिलेलं प्रमाण असं: 4 ते 11 महिन्यांना दिवसरात्र मिळून 12 ते 16 तास, एक ते दोन वर्षांच्या मुलांना 11 ते 14. तुमचं साडेबारा तास झोपून हसतंखेळतं असेल तर शेजारच्या बाळाशी तुलना नको.

आज्यांना हात जोडून दोन गोष्टी सांगते. झोपेसाठी जायफळ उगाळून चाटवू नका. जास्त झालं तर ते विषासारखं काम करतं, आणि सहाणेवरचे वेढे मोजून बाळाच्या पोटात नेमकं किती गेलं हे कळत नाही. सर्दीचं औषधही झोपेसाठी नको. दुसरं, साडीची झोळी. बाळ गुडघ्यांवर उठायला लागलं की ती धोक्याची. वर्षाच्या आतल्या बाळाला सपाट, घट्ट गादीवर पाठीवर झोपवा, उशी नको, आणि रोज घोरत असेल तर दाखवायला आणा. झोळीची आणखी एक गोष्ट आहे. बाळाच्या झोपेचा एक फेरा साधारण तासाभराचा, फेऱ्याच्या शेवटी ते थोडं जागं होतंच. झोक्यावर झोप लागली असेल तर तेव्हाही झोकाच मागतं. म्हणून अंगाई म्हणा, थोपटा, पण डोळे मिटण्याआधी खाली ठेवायची सवय हळूहळू लावा. रडलं तर उचला. त्याने बाळ बिघडत नाही.

वाढदिवस झाला की एकच झोप पुरे, अशी घाई करू नका. बहुतेक मुलं पंधरा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान सकाळची झोप आपणहून सोडतात.

आता समोरून चवथीचं, म्हणजे गणेशचतुर्थीचं विचारलंय. घुमट हे आपलं मातीचं वाद्य वाजणार, आरत्या रात्री उशिरापर्यंत चालणार, घर पाहुण्यांनी भरलेलं. जा, बाळाला घेऊन आरतीला उभ्या राहा. त्याला आतल्या खोलीत कोंडून स्वतः रडत बसू नका. दुसऱ्या दिवशी मात्र सकाळी नेहमीपेक्षा अर्धा-पाऊण तासच जास्त झोपू द्या, दुपारी दीडला खोलीत अंधार करा, आणि पाहुण्यांना सांगा, सव्वातीनपर्यंत कोणी दार वाजवायचं नाही.