ओवी, वचन आणि अनेकवचन

सर्वांना सलाम. आपल्या चर्चच्या पाळकसाहेबांनी मला चाळीस मिनिटं दिली आहेत. विषय आहे, 'शास्त्रपाठाचा अभ्यास आणि आपलं रोजचं जीवन'. शास्त्र म्हणजे आपलं बायबल. पत्रिकेवर खाली 'तीन सोप्या पायऱ्या' असंही छापलंय. ते मीच लिहून दिलं होतं, त्यामुळे तक्रार करायला जागा नाही. पायऱ्यांपर्यंत पोचू. पण मी बत्तीस वर्षं शाळेत मराठीचं व्याकरण शिकवलेला माणूस. माझं एक जुनं दुखणं आहे, आणि आज मागच्या दाराशी चहाची पातेली लावलेली असल्यामुळे तुम्हांला पळताही येणार नाही. (हशा)

दुखणं एकतीस डिसेंबरचं आहे. वॉचनाइटची उपासना संपते, बारा वाजतात, हात मिळवून होतात आणि ताट फिरतं. ताटात शास्त्रातली एकेक ओळ लिहिलेल्या चिठ्ठ्या. ज्याला जी निघेल ते त्याचं वर्षाचं वचन. मग बाहेर मांडवात एकच प्रश्न, "तुला काय निघालं?" आता मला सांगा, इतक्या वर्षांत कुणाला "हृदय सर्वांत कपटी आहे" ही चिठ्ठी निघाल्याचं ऐकलंय? यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातलंच आहे ते, सतराव्या अध्यायातलं. किंवा ज्याला काम करायची इच्छा नाही त्याने खाऊही नये, हे? प्रेषित पौलाच्या थेस्सलनीकाकरांस दुसऱ्या पत्रात आहे. एखाद्या घरजावयाला निघालं तर संसार मोडेल. म्हणजे ताटात टाकण्याआधी कुणीतरी निवडून टाकतं. तांदूळ निवडतात तसं. खडे बाजूला, आणि गोडगोड तेवढं ताटात.

माझी आजी 'वचन' म्हणत नसे. ती म्हणायची 'ओवी'. "तिसऱ्या अध्यायाची सोळावी ओवी काढ." आपल्याकडे अजूनही काही जुनी माणसं तसंच म्हणतात. ओवी म्हणजे ओवलेली. मागचीत अडकलेली, पुढचीला धरलेली. गजऱ्यातलं एकच फूल ओढलं तर काय होतं ते इथल्या भगिनींना माहीत आहे. पुढे ओवी मागे पडली आणि 'वचन' आलं. आणि मराठीत वचन म्हणजे काय? दशरथानं कैकेयीला दिलं ते. दिलेला शब्द. एकदा हा शब्द जिभेवर बसला की शास्त्रातली प्रत्येक ओळ आपल्याला कुणीतरी दिलेला शब्द वाटायला लागते. ती ओळ हुकूम असेल, शोक असेल, एखाद्या राजाच्या वंशावळीतलं नाव असेल, आम्ही ती हुंडीसारखी हातात धरून वटवायला उभे.

बरं, हे आकडे तरी यिर्मयानं घातलेत का? अध्याय पाडले तेराव्या शतकात. नव्या करारातल्या, म्हणजे बायबलच्या दुसऱ्या भागातल्या, ओव्यांचे आजचे आकडे 1551 साली रोबेर एत्येन नावाच्या फ्रेंच मुद्रकानं टाकले. प्रवासात घोड्यावर बसून टाकले अशी गंमत सांगतात. काही ठिकाणी ओवी जिथे तुटते ते बघून मला घोड्याचा दोष वाटतो. (हशा)

आता अण्णांची गोष्ट. माझ्या घरातल्यांनी ही बऱ्याचदा ऐकली आहे, त्यांनी क्षमा करावी.

अण्णा, म्हणजे माझे वडील, प्राथमिक शिक्षक. मूळचे राहुरीकडचे. 1977 साली त्यांची बदली इगतपुरीला झाली. राहुरीचा माणूस इगतपुरीला, म्हणजे काय ते जून लागल्यावर कळतं. आमच्याकडे पाऊस पाहुण्यासारखा यायचा, इथे तो बिऱ्हाड करून राहिला. भाड्याच्या दोन खोल्या, वर कौलं, आणि त्यातली बरीचशी फुटलेली. पहिल्याच पावसाळ्यात घरात चार घमेली, दोन पातेली आणि माझ्या धाकट्या बहिणीची आंघोळीची बालदी मांडलेली असायची. रात्री प्रत्येकाचा आवाज वेगळा. आम्ही अंधारात ओळखायचो, हे पितळी, हे जर्मनचं.

अण्णांनी बदलीचा अर्ज केलेला होता. आणि त्याच वर्षाच्या वॉचनाइटला त्यांना चिठ्ठी निघाली, यिर्मया 29:11. संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, भावी सुस्थितीची आशा देणारे आहेत. झालं! अण्णांनी ती खळ लावून भिंतीवर चिकटवली. वर्षाच्या आत राहुरी, हे ठरलं. आता जायचंच आहे म्हटल्यावर कौलं कशाला शाकारायची? घर दुसऱ्याचं, पैसे आपले. शेजारी ओळख वाढवायची नाही, कारण जायचंय. ट्रंका उघडायच्या नाहीत, कारण जायचंय. पुढचा पावसाळा आला. घमेली होतीच. भिंतीला ओल आली, चिठ्ठीची शाई पसरली, 'हिताचे' तेवढं वाचता येत होतं.

आईचं शिक्षण चौथीपर्यंत. ती ओळीवर बोट ठेवून वाचायची, आणि तिला मधूनच उचलून वाचता येत नसे. कुठून सुरू करायचं ते कळायचं नाही, म्हणून अध्यायाच्या पहिल्या शब्दापासून. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून केडगावला शास्त्राचं भाषांतर केलं ते कुणासाठी? नेमकं अशा बोट ठेवून वाचणाऱ्या बाईसाठी. मुक्ती या त्यांच्या आश्रमातल्या बायकांनीच त्याचे छपाईचे खिळे जुळवले, त्यांनीच छापलं. 1922 साली रमाबाई गेल्या, पुस्तक 1924 साली निघालं. असो. हा वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे, पाळकसाहेबांनी बोलावलं तर.

तर जुलैतली संध्याकाळ. लाइट गेलेली, कंदील लावलेला. आईचं बोट अकराव्या ओवीकडे निघालं होतं, ते पाचव्या ओवीवर थांबलं. ती म्हणाली, "अहो, इथं घरं बांधा म्हटलंय."

अण्णा म्हणाले, "ते त्या बाबेलात धरून नेलेल्या लोकांना."

"अकरावी ओवी मग कुणाला?"

अण्णा गप्प. मग म्हणाले, "अगं, पण हे घर आपलं आहे का? मालकाच्या घरावर आपण का खर्च करायचा?"

आई म्हणाली, "मग बाबेल काय त्यांच्या बापाचं होतं?"

मी वीस वर्षं शास्त्राची भाष्यं वाचली, यापेक्षा नेमकं वाक्य मला कुठे सापडलं नाही. त्या आठवड्यात अण्णांनी कौलं आणली. अण्णांचं शास्त्र आज माझ्याकडे आहे. एकोणतिसाव्या अध्यायाच्या समासात पेन्सिलीनं लिहिलंय: कौले चाळीस, मजुरी, सुतळी, आणि पुढे बेरीज. चाळिसापुढे दर लिहिलाय तो मात्र पुसट झालाय. मागे आईनं शेवगा लावला, कारण त्याच ओवीत बागा लावून त्यांचं फळ खा असंही आहे. त्या शेवग्याच्या शेंगा आम्ही अकरा वर्षं खाल्ल्या. बदली आली नाही, अण्णा तिथूनच निवृत्त झाले.

आता तो अध्याय काय आहे बघा. ते पत्र आहे. बाबेलच्या नबुखद्नेस्सर राजानं इ.स.पू. 597 मध्ये यहूदाच्या यहोयाखीन राजाला, कारागिरांना, लोहारांना बाबेलात नेलं. त्यांना यिर्मयानं यरुशलेमेतून लिहिलेलं. आदल्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा सांगतोय, दोन वर्षांत सगळे परत येतील. यिर्मयाच्या मानेवरचं लाकडी जू त्यानं लोकांसमोर मोडून दाखवलं. टाळ्या त्यालाच मिळाल्या असणार. आणि यिर्मया लिहितो, सत्तर वर्षं. अकराव्या ओवीच्या लगेच वर, दहाव्या ओवीत. म्हणजे ज्यांनी ते पत्र कानांनी ऐकलं त्यातले बहुतेक बाबेलातच मातीआड होणार होते. इराणच्या कोरेश राजानं बाबेल घेतलं इ.स.पू. 539 मध्ये, त्यानंतर परतीची वाट उघडली. हिताचे संकल्प होते, पण ते नातवंडांच्या हाती पडायचे होते. आम्ही चिठ्ठी यिर्मयाची काढतो आणि मुदत हनन्याची लावतो. आणि सातव्या ओवीत काय, तर ज्या नगरात तुम्हांला नेलंय त्याचं हित बघा, त्यासाठी प्रार्थना करा, त्याच्या हितात तुमचं हित. हिब्रूत सातव्या आणि अकराव्या, दोन्ही ओव्यांत शब्द एकच, शालोम. बाबेलाचं शालोम वगळून तुमचं वेगळं शालोम नाही.

सेक्रेटरीसाहेबांनी चिठ्ठी पाठवली आहे. 'पंधरा मिनिटे.' ही चिठ्ठी कुणी निवडून टाकली? (हशा)

मग माझा लाडका मुद्दा लगेच घेतो. ही अकरावी ओवी 'तुमच्याविषयी' म्हणते. इंग्रजीत वाचलं तर 'यू', एक की अनेक कळत नाही. आपल्या मराठीत 'तुम्ही' आदरार्थीही असतं, म्हणून ओवी सुटी काढली की वाटतं, देव अण्णांना अहोजाहो करतोय. पण आपल्या शास्त्रात देव एकट्या माणसाला 'तुम्ही' म्हणत नाही. मोशेला तू, दाविदाला तू, यहोशवाला तू. 'तुम्ही' आलं की समजा समोर घोळका आहे. ही किल्ली मराठी वाचकाच्या हातात फुकट आहे आणि आपण ती खुंटीला लावून ठेवली आहे.

लूक 22:31 काढा. प्रभू येशू पेत्राला त्याच्या मूळ नावानं म्हणतो, शिमोना, शिमोना, सैतानानं 'तुम्हांला' गव्हासारखं चाळायला मागितलंय. पुढच्याच ओवीत, पण मी 'तुझ्यासाठी' विनंती केली आहे. चाळणीत सगळे शिष्य, आणि विनंती एकट्या पेत्रासाठी. का? तर ओवीच्या शेवटी, तू वळलास म्हणजे तुझ्या भावांना स्थिर कर. एकट्याला दिलं ते सगळ्यांना वाटायला. तू आणि तुम्ही बघितलं नाही तर ही गोष्ट हाताला लागतच नाही.

दुसरं, 1 करिंथ 3:16, म्हणजे पौलानं करिंथच्या मंडळीला लिहिलेलं पहिलं पत्र. 'तुम्ही देवाचे मंदिर आहात.' हे आपण तंबाखू सोडवायला वापरतो. तंबाखू सोडाच, पण त्यासाठी सहाव्या अध्यायातली ओवी घ्या, तिथे शरीराबद्दलच बोलणं चाललंय. तिसऱ्या अध्यायात भांडण आहे ते मी पौलाचा, मी अपुल्लोसाचा, असं गुरूंच्या नावानं तट पाडण्याचं. तिथलं मंदिर म्हणजे ती अख्खी मंडळी, आणि मंदिराचा नाश करणारा म्हणजे मंडळीत तट पाडणारा. आता ही ओवी पुढच्या पंचकमिटीच्या निवडणुकीआधी भिंतीवर लावायची का, ते तुम्ही ठरवा. 'तुम्ही' अनेकवचनी.

मागून हात वर आलाय. हो ताई, बरोबर, यशया 41:10, 'तू भिऊ नको' एकवचनीच आहे. पण आठवी ओवी बघा, हाक आहे 'हे इस्राएला, माझ्या सेवका'. अख्ख्या लोकांना एकच 'तू'. दहा आज्ञाही तशाच. तेव्हा नियम एका बाजूनंच चालतो. 'तुम्ही' म्हणजे अनेक हे नक्की, 'तू' म्हणजे एकटाच असं नाही. व्याकरणाच्या मास्तरला अपवाद दाखवल्याबद्दल तुम्हांला पहिला कप.

आता पायऱ्या. सहा मिनिटं आहेत, दोन-दोन.

पहिली, निरीक्षण. अध्याय पहिल्या शब्दापासून, बोट ठेवून. कोण बोलतंय, कुणाशी, तू की तुम्ही. ना. वा. टिळकांना नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेत एका अनोळखी साहेबानं नवा करार दिला. टिळक वाचत वाचत येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापर्यंत आले आणि तिथून त्यांना पुढे जाववेना. 1895 साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. साहेबानं चिठ्ठ्यांची पेटी दिली असती तर काय झालं असतं, मला सांगता येत नाही.

दुसरी, अर्थ. त्या पहिल्या ऐकणाऱ्यांना हे ऐकून काय वाटलं असेल ते आधी विचारा. बरं वाटलं असेल की पोटात गोळा आला असेल? दहावीची मुलं कंपासपेटीत फिलिप्पै 4:13 ठेवतात, 'मी सर्व काही करावयास शक्तिमान आहे'. पौल ते बंदिवासातून लिहितोय, आणि वरच्या ओवीत सांगतोय की भरल्या पोटी आणि उपाशी, दोन्हींत राहायला शिकलोय. म्हणजे नापास झालो तरी उभा राहीन, असा त्याचा अर्थ निघतो. पालकांना हा अर्थ आवडत नाही.

तिसरी, आचरण. इथे मी फार कमी बोलणार आहे, कारण वेळ... हो, दिसलं घड्याळ. 'मला काय मिळणार' च्या आधी 'आम्ही काय करायचं' हे विचारा. प्रभूनं शिकवलेल्या प्रार्थनेत भाकरसुद्धा 'आम्हांला' दे अशी आहे, 'मला' नाही. यिर्मयाच्या त्या अध्यायातली सातवी ओवी, नगराच्या हिताची, घरी घेऊन जा. तुमच्या सोसायटीच्या सभेला तुम्ही शेवटचे कधी गेला होतात? पाण्याच्या टाकीचा विषय निघाला तेव्हा आपण बदलीच्या अर्जावर बसलो होतो का? आणि केलंत तर समासात तारीख आणि खर्च लिहा. पेन्सिलीनं.

कुणीतरी विचारतंय, मग यंदा ताट फिरवायचं की नाही? फिरवा. माझी हरकत नाही. फक्त चिठ्ठीवर एक ओवी छापण्याऐवजी अख्खा अध्याय छापा, यिर्मयाचा एकोणतिसावा असेल तर बत्तीस ओव्या होतात. खजिनदार कागदाचा हिशोब करायला लागले आहेत, त्यांना आधी चहा द्या.