"बारमध्येच बसून ज्यूस घे ना!" माझं उत्तर ऐका

नमस्कार मंडळी! दारूविना बार म्हणजे काय, हे बरेच जण विचारताय, म्हणून आज कॅमेऱ्यासमोर बसलोय.

व्याख्या पटकन: काउंटर, गाणी, मॉकटेल, रात्री उशिरापर्यंत गप्पा, फक्त दारू नाही. हे फॅड आजचं नाही. इंग्लंडमधल्या प्रेस्टनला १८३२ साली जोसेफ लिव्हसी आणि त्याच्या साथीदारांनी दारू सोडायची शपथ घेतली. पुढे त्याच दारू सोडण्याच्या चळवळीतून टेम्परन्स बार, म्हणजे दारूविना बार, निघाले. त्यातलाच एक, इंग्लंडमधल्याच रॉटनस्टॉल गावचा फिट्झपॅट्रिक्स, १८९० पासूनचा म्हणतात, आणि तो आजही ओळखला जातो.

आता मुद्दा. सगळ्यात जास्त कमेंट कुठली येते? "नेहमीच्या बारमध्येच बस, ज्यूस माग." अहो, नाही चालत! माझ्या एका मित्राने दारू सोडली. ऑफिसच्या पार्टीत बाटल्यांच्या रांगेसमोर त्याला तीन तास बसवलं. तो वास, तो ग्लासांचा आवाज... घरी आला तेव्हा पार थकला होता. ज्याने सोडलीय, त्याला तिथे बसवणं म्हणजे परीक्षाच.

बरं, ज्याने कधी घेतलीच नाही त्याचं बघा. "का नाही घेत? औषधं चालू आहेत? एक घोट तरी!" कारण सांगत बसण्यातच संध्याकाळ जाते. ज्याला काही कारणच सांगायचं नाही, त्याने कुठे जायचं?

मालकाच्या बाजूनेही तेच. त्याचं पोट दारूच्या बिलावर चालतं, त्यामुळे ज्यूसवाला गिऱ्हाईक त्याला नकोसाच. म्हणून म्हणतो, ग्लासातलं पेय बदलून भागत नाही, जागाच वेगळी लागते.

हो, एकाने लिहिलंय, "नॉन-अल्कोहोलिक बिअर आहे की." लेबल वाचा! अमेरिकेत ०.५ टक्क्यापेक्षा कमी अल्कोहोल असलं तरी तसं लिहिता येतं. पूर्ण वर्ज्य असेल तर ०.० बघून घ्या.

अशा जागा बंद का पडतात, हेही विचारलंय. लोक एका ग्लासावर चार तास बसतात. म्हणून चालवणारे खेळांची रात्र, कवितावाचन ठेवून तिकीट लावतात. ते तिकीट काढा, कुरकुर करू नका.

जवळपास अशी जागा नसेल, तर ओळखीच्या कॅफेवाल्याला महिन्यातून एक रात्र अकरापर्यंत उघडं ठेवायला सांगा. किती माणसं येतील ते आधी लिहून न्या, म्हणजे तो ऐकेल.